बेडूक नसलेलं बेट

कोकणात पहिला जोरदार पाऊस झाला की रात्रभर झोपू देत नाहीत ते बेडूक. खाचरात, विहिरीत, अंगणातल्या डबक्यात, जिथे म्हणून पाणी साचेल तिथे ते असायचेच. हिंदी महासागरातलं मॉरिशस हे बेटही असंच हिरवंगार आणि ओलं. मधल्या पठारावर वर्षाला चार-चार मीटर पाऊस पडतो, बारमाही ओढे आहेत, डासांनाही तोटा नाही. बेडकाला याहून वेगळं काय हवं असतं? तरीही या बेटाचा मूळचा असा एकही बेडूक नाही. आज तिथे जे ओरडताना ऐकू येतात ते सगळे माणसांनी नेलेले.

चार्ल्स डार्विन १८३६ साली ‘बीगल’ जहाजावरून घरी परतताना मॉरिशसला उतरला होता. पुढे १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने नेमकं या बेडकांवर बोट ठेवलं. महासागरातल्या दूरच्या बेटांवर बेडूक सापडत नाहीत. पण माणसाने ते मॉरिशसला नेऊन सोडले, तेव्हा उपद्रव वाटावा इतके वाढले. म्हणजे तिथलं हवापाणी त्यांना मानवत होतं. अडचण फक्त तिथवर पोचण्याची होती.

हा छोटासा मुद्दा धरून चाललं की मॉरिशसचे बाकीचे चमत्कारही उलगडू लागतात. टर्कीएवढं कबूतर, गवत चरणारी कासवं, फुलांचं परागण करणाऱ्या पाली, मधोमध दुमडणाऱ्या जबड्याचा साप: हे सगळं एकाच बेटावर का जमलं? माझ्या मते त्याचं उत्तर तिथे पोचलेल्या प्राण्यांइतकंच न पोचलेल्या प्राण्यांत आहे.

सह्याद्रीशी नातं

आधी बेटाचा जन्म. मॉरिशस कधीही कुठल्याही खंडाला जोडलेलं नव्हतं. समुद्राच्या तळातून ज्वालामुखी उसळत राहिला आणि त्याच्या थरांवर थर चढून सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी ही जमीन पाण्याबाहेर आली. त्यामागची उष्णता पृथ्वीच्या पोटात खोलवर, जवळजवळ एकाच जागी टिकून राहिली आहे. वरचं भूपृष्ठ मात्र त्या जागेवरून हळूहळू सरकत जातं.

महाराष्ट्राचा काळा पत्थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तेव्हा भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला, याच उष्ण जागेवरून चालला होता, असं भूशास्त्रज्ञ मानतात. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे त्याच जागेवर एकामागून एक ज्वालामुखी पेटत राहिले. लक्षद्वीप-मालदीवच्या खालचा डोंगर, चागोस, मग मॉरिशस, आणि सगळ्यांत शेवटी शेजारचं रियुनियन. रियुनियनवरचा ज्वालामुखी आजही जागा आहे. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत शेतातून वेचलेल्या काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात. राजगडाच्या तटाचा चिरा आणि हे दगड एकाच उगमाचे आहेत.

या माळेतली जुनी बेटं झिजून, खचून पाण्याखाली गेली. आज ती फक्त उथळ समुद्राखालचे उंचवटे म्हणून उरली आहेत. ही बुडालेली बेटं लक्षात ठेवू या, कारण डोडोच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहेत.

समुद्राची गाळणी

नवीन बेट म्हणजे उघडा, तापलेला खडक. जवळची मोठी जमीन मादागास्कर, तीसुद्धा आठ-नऊशे किलोमीटरवर. मधल्या खाऱ्या पाण्यातून कोण पार होणार हे ज्याच्या त्याच्या शरीरावर ठरतं.

बेडकाची कातडी पातळ आणि पाणी शोषणारी असते. खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातलं पाणी उलट बाहेर ओढलं जातं आणि तो मरतो. त्याची अंडी कवचाविना असतात, ती तर लगेच संपतात. उंदीर, मांजर, हरीण या उष्ण रक्ताच्या प्राण्यांची अडचण वेगळी. शरीर गरम ठेवायला त्यांना रोज खाणं लागतं, गोडं पाणी लागतं. वादळात उन्मळून वाहत निघालेल्या झाडावर ते काही दिवस तगतील, पण आठवडेच्या आठवडे नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांचं तसं नाही. पालीला कित्येक दिवस उपास घडला तरी चालतो, आणि तिची टणक कवचाची अंडी झाडाच्या सालीला चिकटून सुखरूप प्रवास करतात. जमिनीवरचं महाकाय कासव पोहणारं नसलं तरी बुडत नाही. २००४ साली टांझानियाच्या किनाऱ्यावर अल्डाब्रा बेटाच्या जातीचं एक कासव लाटांतून चालत बाहेर आलं. त्याच्या पायांवर बार्नेकलची, म्हणजे होड्यांच्या बुडाला घट्ट चिकटतात त्या कवचवाल्या जिवांची, चांगली वाढ झालेली होती. इतकी वाढ व्हायला काही आठवडे लागतात, म्हणजे तेवढा काळ ते समुद्रात तरंगत होतं. अल्डाब्रा तिथून सातशेहून अधिक किलोमीटरवर आहे. अभ्यासकांनी अशा प्रवासाचा अंदाज पूर्वीच बांधलेला होता. इथे पुराव्यासकट प्रवासीच समोर आला.

पक्षी वाऱ्याने भरकटत आले. झाडांच्या बिया त्यांच्या पोटातून, पायांच्या चिखलातून, लाटांवरून आल्या. सस्तन प्राण्यांपैकी एकच येऊ शकला, तो म्हणजे उडणारा. आपल्याकडे वडा-पिंपळावर उलटी लटकणारी मोठी वटवाघळं असतात, त्यांच्याच भावकीतली मॉरिशसची.

असे येणारे फार थोडे आणि लाखो वर्षांच्या अंतराने येत. त्यामुळे आलेल्यांची आपल्या मूळ गोतावळ्यापासून ताटातूट होई आणि ते आपल्या वाटेने बदलत जात. मॉरिशसच्या सुमारे सातशे देशी सपुष्प वनस्पतींपैकी जवळजवळ चाळीस टक्के जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

बलुतेदार नसलेलं गाव

एखाद्या आडवळणाच्या वाडीची कल्पना करा. तिथे सुतार आलाच नाही, कुंभार आलाच नाही. पण नांगर मोडायचा थांबत नाही, पाणी साठवायला भांडी लागतातच. मग लोहारच लाकूड तासायला शिकतो, आणखी कुणी माती मळायला लागतो. पिढ्या जातात, त्यांची हत्यारंही त्या कामासाठी घडत जातात. बाहेरचा माणूस आला तर चक्रावतो: इथला लोहार असा कसा? मॉरिशसच्या रानात असंच झालं. चरण्याचं काम होतं, पण गाय-हरीण नव्हतं. जमिनीवर पडलेली मोठी फळं गिळून बिया दूर टाकण्याचं काम होतं, पण ते करायला रानडुक्कर नव्हतं. ही कामं जे होते त्यांनीच उचलली.

चरण्याचं काम कासवांकडे गेलं. मॉरिशसवर महाकाय कासवांच्या दोन जाती होत्या. डोडोची हाडं जिथे सापडली त्या ‘मार ओ साँज’ नावाच्या दलदलीत डोडोपेक्षा कासवांचीच हाडं कित्येक पटींनी जास्त निघाली. यावरून जमिनीवर कुणाचं राज्य होतं ते कळतं. ही कासवं रोपं खात, वाटा तुडवत, फळं गिळून चार पावलांवर बिया टाकत. झाडांनीही त्यांच्याशी जुळवून घेतलं असावं. या बेटांवरच्या बऱ्याच झाडांची कोवळ्या वयातली पानं एक तऱ्हेची, अरुंद आणि तांबूस शिरेची असतात, आणि झाड कासवाच्या मानेच्या टप्प्याबाहेर वाढलं की एकदम वेगळी, रुंद हिरवी पानं फुटतात. ही दोन्ही तऱ्हेची पानं आजच्या महाकाय कासवांपुढे ठेवून पाहिली, तेव्हा त्यांनी रुंद पानांवर जास्त ताव मारला.

मला सगळ्यांत लोभस वाटतं ते पालींचं काम. आपल्या भिंतीवरच्या पालीची प्रतिमा क्षणभर बाजूला ठेवा. मॉरिशसच्या पाली दिवसा उन्हात वावरणाऱ्या, पोपटी हिरव्या, पाठीवर लाल ठिपके आणि शेपटी निळी. किडे खातातच, पण गोडाच्याही शौकीन. फुलातला मकरंद चाटायला तोंड आत घातलं की डोक्याला पराग चिकटतात आणि पुढच्या फुलावर जातात. रूसिया नावाच्या वेलीसारख्या पसरणाऱ्या एका झुडपाचं तर सगळंच या निळ्या शेपटीच्या पालीवर चालतं. पिवळ्या-नारिंगी जाड पाकळ्यांच्या फुलात डोकं खुपसायला तीच येते आणि परागण करते. पुढे फळ धरलं की त्यातून चिकट रस पाझरतो. तो चाटतानाच बारीक बिया तिच्या पोटात जातात आणि रानभर पसरतात. एकाच झाडाचं परागणही तिच्याकडे आणि पेरणीही तिच्याकडे.

पालींना रंग चांगले दिसतात. म्हणून असेल कदाचित, पण मॉरिशसवरच्या काही फुलांत मकरंदच रंगीत असतो. नेसोकोडॉन नावाची एक दुर्मीळ वनस्पती धबधब्याशेजारच्या कड्यावर वाढते. तिच्या फिकट निळ्या, घंटेच्या आकाराच्या फुलात लालभडक मकरंदाचा थेंब लोंबत असतो. रंगीत आणि बिनरंगी मकरंद ठेवून संशोधकांनी पालींना निवड करू दिली, तर त्यांनी रंगीताकडे धाव घेतली.

याच पालींचा आणखी एक अभ्यास फार बोलका आहे. ट्रोकेशिया हे आपल्या जास्वंदीच्या कुळातलं झुडूप. त्याची काही झुडपं फळांनी भरत आणि काही तशीच राहत. फरक होता शेजाराचा. ज्यांच्याजवळ केवड्याच्या जातीची दाट जाळी होती, त्यांना फळं जास्त धरत. केवड्याच्या काटेरी पानांच्या खोबणीत पालींना लपायला जागा मिळते. त्या फार लांब जायला धजत नाहीत, म्हणून जवळच्याच फुलांवर जातात. जंगल वाचवायचं तर नुसतं फुलझाड लावून भागत नाही, पालीला लपायला केवडाही लागतो.

सापांचंही थोडं सांगायला हवं. मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे २२ किलोमीटरवर राउंड आयलंड नावाचा उघडावाघडा डोंगर समुद्रातून वर आला आहे. तिथल्या बोआ सापाला खायला उंदीर-घुशी नव्हत्या, होत्या त्या पाली आणि सापसुरळ्या. सापसुरळी गुळगुळीत, टणक, दंडगोल; दातांतून निसटणारी. या सापाच्या वरच्या जबड्याचं हाड दोन तुकड्यांत विभागलेलं असून मध्ये सांधा आहे, त्यामुळे पुढचा भाग वाकून सावजाला दोन्हीकडून कवळतो. पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात अशी रचना आज आढळत नाही. त्याचा एकमेव जवळचा नातेवाईक, त्याच बेटावरचा बिळात राहणारा बोआ, १९७५ नंतर कुणाला दिसलेला नाही.

कबुतराचा डोडो कसा होतो

डोडो हे कबूतर होतं, हे ऐकून अजूनही अनेकांना आश्चर्य वाटतं. त्याच्या जुन्या अवशेषांतला डीएनए २००२ साली तपासला गेला, तेव्हा जिवंत पक्ष्यांत त्याचं सर्वांत जवळचं नातं निघालं निकोबारी कबुतराशी. हे हिरवट-तांबूस झळाळीचं कबूतर आपल्याच अंदमान-निकोबारमध्ये राहतं आणि बेटांवरून बेटांवर उडत जातं.

त्याच अभ्यासात एक पेच पुढे आला. डोडो आणि शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरचा त्याचा भाऊ सॉलिटेअर यांच्या वाटा अडीच कोटी वर्षांच्या आसपास वेगळ्या झाल्याचं दिसत होतं. पण मॉरिशसचं वयच ८० लाख वर्षं! मग तोवर डोडोचे पूर्वज राहिले कुठे? इथे ती बुडालेली बेटं कामाला येतात. जुनं बेट खचत असताना शेजारी नवं वर येत होतं. पूर्वज त्या माळेवरून एकेक बेट पुढे येत गेले असावेत. ज्या उष्ण जागेने सह्याद्रीचा खडक ओतला तिनेच डोडोच्या वाडवडिलांना पाय टेकायला जमीन दिली, असा याचा अर्थ होतो.

आता पंखांचं बघू. उडणं फार महाग पडतं. छातीचे मोठाले स्नायू आणि ते रोवायला छातीच्या हाडाचा उभा कणा हे सगळं वाढवायला आणि पोसायला रोज भरपूर अन्न लागतं. पक्षी हा खर्च करतात तो बहुधा दोन कारणांसाठी: शत्रूपासून पळायला आणि दूरचं अन्न गाठायला. मॉरिशसवर मांजर नाही, कोल्हा नाही, आणि फळं पायाखाली पडलेली. अशा जागी जे पिल्लू थोड्या लहान स्नायूंचं जन्मलं त्याचं काही बिघडलं नाही. उलट वाचलेलं अन्न त्याला वाढीला आणि चरबीला मिळालं. चक्रीवादळानंतर झाडं ओरबाडली जातात, फळं नाहीशी होतात. त्या महिन्यांत अंगावर साठा असलेलाच तगतो. पिढ्यान् पिढ्या हा हिशेब चालत राहिला आणि पंख आखडत, देह वाढत दहा ते अठरा किलोंचा पक्षी तयार झाला.

त्याला मूर्ख, ऐदी, ओंगळ म्हणून रंगवलं गेलं, याचा मला राग येतो. ज्या जागी तो घडला तिथे तो लाखो वर्षं नीट जगला. जुन्या युरोपीय चित्रांतले डोडो फुगलेले दिसतात, ते बरेचसे ऐकीव माहितीवर किंवा पिंजऱ्यात खाऊन सुस्तावलेल्या पक्ष्यांवरून काढलेले. १६२५च्या सुमारास काढलेलं एक मुघल चित्र त्यांच्यापेक्षा सडसडीत डोडो दाखवतं. जहांगीरच्या दरबारातला उस्ताद मन्सूर याचं ते मानलं जातं आणि अभ्यासक त्यावर जास्त भरवसा ठेवतात. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेच्या वखारीत मॉरिशसहून आणलेले दोन डोडो पाहिल्याची नोंद केली आहे. म्हणजे हा पक्षी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जिवंत उतरलेला होता.

१५९८ नंतर

डच जहाजं १५९८ मध्ये मॉरिशसला लागली. डोडो शेवटचा दिसल्याची सर्वसाधारण मान्य नोंद १६६२ची. आकडेमोड करणारे त्याचा शेवट १६९०च्या सुमारास धरतात. काही झालं तरी शंभर वर्षंही लागली नाहीत.

खलाशांनी डोडो मारून खाऊन संपवले, अशी समजूत आहे. डोडो मारले गेले हे खरं, पण बेटावर डचांची वस्ती नेहमीच तुरळक होती आणि रान दाट होतं. खरा घाव जमिनीवरच्या घरट्यांवर पडला. डोडोची मादी जमिनीवर एकच अंडं घाले, असं जुनी वर्णनं सांगतात. जहाजांबरोबर उंदीर आले, माकडं आली, डुकरं सोडली गेली. अंडं शोधून खाणारा प्राणी या पक्ष्यांनी कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे अंडं लपवावं, उंचावर घालावं, हल्लेखोरावर धावून जावं यातलं काहीच त्यांच्या अंगात नव्हतं. मोठे पक्षी जगत राहिले, पिल्लं मात्र निघेनाशी झाली. लांब आयुष्याच्या प्राण्याचं हे फसवं असतं: संख्या ओसरायच्या कितीतरी आधी त्याचा शेवट ठरून गेलेला असतो.

कासवांची गत निराळी. ती अन्नपाण्याविना महिनोन् महिने जिवंत राहतात, म्हणून खलाशी ताज्या मांसाचा साठा म्हणून ती जहाजात भरभरून नेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच मॉरिशसची कासवं संपली.

> चौकट: बेटावर नेलेले
>
> जावाचं हरीण: डचांनी १६३९ मध्ये शिकारीसाठी आणलं. रोपं खातं.
>
> साळुंकी: टोळधाडीवर उपाय म्हणून १७६२ मध्ये भारतातून नेली. किडीवर पक्षी सोडण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत याची गणना होते. घरट्यांच्या ढोलींसाठी देशी पक्ष्यांशी भांडते.
>
> आपला राघू: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुटला. मॉरिशसच्या देशी पोपटाचा चुलतभाऊ आणि ढोलीसाठीचा प्रतिस्पर्धी.
>
> शिपाई बुलबुल: १८९२ मध्ये पोचला. परक्या झुडपांच्या बिया पसरवतो.
>
> मुंगूस: १९०० मध्ये उंदरांसाठी आणलं. पक्ष्यांवरही तुटून पडलं.
>
> चिनी पेरू: शोभेला, फळाला लावला. आज त्याच्या दाट जाळीखाली देशी रोपं उगवत नाहीत.

यातले निम्म्याहून जास्त आपल्या परसातले आहेत. आपल्याकडे साळुंकीला साप, शिकरा, मांजर, कावळा यांच्याबरोबर राहावं लागतं. तिथे तिला आवर घालणारं कुणी नव्हतं. दोष प्राण्याचा नसतो, त्याचे शत्रू मागे राहिलेले असतात.

मग उसाचे मळे पसरले. १८३४ नंतर इंग्रजांनी भारतातून गिरमिटावर, म्हणजे करारावर, मजूर नेले. जवळजवळ पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकवतात, आणि गणेश चतुर्थीला संपूर्ण देशाला सुट्टी असते. या माणसांनी घाम गाळून दगड वेचले आणि मळे उभे केले. मळा कुठे करायचा, किती रान कापायचं हे मात्र त्यांच्या हातात नव्हतं. आज चांगल्या प्रतीचं देशी जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे.

एक सुंदर कल्पना आणि तिची झडती

१९७७ साली स्टॅन्ली टेम्पल या अमेरिकी पक्षितज्ज्ञाने एक कल्पना मांडली आणि ती जगभर गाजली. ताम्बालाकोक हे चिकू-मोह-बकुळीच्या कुळातलं मोठं झाड. त्याची बी जाड, कठीण कवचाची. टेम्पलचं म्हणणं असं की उरलेली झाडं मोजकी आणि सगळी तीनशे वर्षांहून जुनी आहेत. कारण डोडोच्या पोटात ही बी घासली गेल्याशिवाय रुजतच नव्हती. डोडो गेला आणि झाडाची वंशवेल थांबली.

पुढे तपास झाला तेव्हा गोष्ट इतकी सरळ निघाली नाही. डोडो गेल्यानंतर जन्मलेली झाडं रानात होती. काही बिया न घासताही रुजतात, कारण कवचाला एक नैसर्गिक चीर असते आणि कोंब तिथून बाहेर पडतो. झाड रोडावण्यामागे माकडं कच्ची फळं ओरबाडतात, डुकरं-हरणं रोपं खातात, परकी झुडपं वाढू देत नाहीत अशी अनेक कारणं होती. एक प्राणी गेला की एक झाड जातं असा एकास एक हिशेब रानात क्वचितच असतो. तरी टेम्पलने विचारलेला प्रश्न योग्य होता: काम करणारा गेल्यावर ते काम कोण करणार?

बदली कामगार

या प्रश्नाचं धाडसी उत्तर दक्षिण-पूर्व किनाऱ्याजवळच्या ईल ओ एग्रेत या २६ हेक्टरच्या छोट्या बेटावर शोधलं गेलं. तिथे आबनुसाची एक दुर्मीळ जात आहे, आपल्या टेंभुर्णीच्या कुळातली. तिची मोठी फळं थेट खोडाला आणि जाड फांद्यांना चिकटून लागतात, अगदी खाली, कासवाच्या तोंडाच्या उंचीवर. झाडांखाली फळं पडून कुजत, आणि रोपं उगवली तर आईच्याच सावलीत गुदमरत.

मॉरिशसची कासवं तर परत येणार नव्हती. म्हणून २००० सालापासून मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने अल्डाब्राची महाकाय कासवं तिथे सोडली. परका प्राणी मुद्दाम आणण्यावर आक्षेप येणं रास्त होतं. मुंगसाचा अनुभव समोर होता. पण कासव सावकाश चालतं, सावकाश वाढतं, आणि नको वाटलं तर उचलून नेता येतं. उंदराला परत बोलावता येत नाही. या फरकामुळे प्रयोग करण्याजोगा झाला. कासवांनी फळं गिळली, बेटभर हिंडली, आणि त्यांच्या विष्ठेतून आबनुसाची दाट रोपं अशा जागी उगवली जिथे लाकूडतोडीनंतर ती नाहीशी झाली होती. पोटातून गेलेल्या बिया जास्त चांगल्या रुजतात, असंही दिसलं. याच अल्डाब्राच्या कासवांना वाचवा म्हणून डार्विन आणि इतर शास्त्रज्ञांनी १८७४ मध्ये मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं होतं.

राउंड आयलंडवर आधी उलटं काम करावं लागलं. तिथे सोडलेल्या शेळ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ मध्ये संपवण्यात आले. त्यानंतर ताडांची रोपं पुन्हा वर आली, सापसुरळ्या वाढल्या, आणि बोआंना खायला मिळू लागलं.

पक्ष्यांच्या बाबतीत वेगळीच युक्ती उपयोगी पडली. मॉरिशसचा छोटा ससाणा हा रानात शिरून हिरव्या पाली धरणारा, म्हणून त्याचे पंख आखूड आणि गोलाकार. रान तुटलं, घरट्यांवर माकडं आली, आणि मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी किडा-पाल-ससाणा असं चढत त्याच्या अंगात साठत गेलं. या विषाने शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचं कवच पातळ होतं आणि उबवतानाच ते फुटतं. १९७४ मध्ये मोकळ्या रानात फक्त ४ ससाणे माहीत होते. जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी म्हणून त्याचं नाव घेतलं जाई.

१९७९ मध्ये आलेल्या कार्ल जोन्स या वेल्श जीवशास्त्रज्ञाने पक्ष्याच्या एका सवयीचा फायदा घेतला. पहिली अंडी गेली तर मादी पुन्हा अंडी घालते. त्याने कड्यांवर चढून पहिली अंडी काढून घेतली, यंत्रात उबवली, पिल्लं हाताने वाढवली. मादीने दुसऱ्यांदा अंडी घातली ती तिच्याकडेच राहिली. एका हंगामात दोन वेळचं पीक. वाढलेली पिल्लं रानात सोडली गेली, १९९४ पर्यंत तीनशेच्या वर. गुलाबी कबूतर १९९०च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरलं होतं, ते आता काहीशेंवर आहे. देशी पोपटही डझनभरावरून सातशेच्या पुढे गेला आहे; त्याला ढोलींऐवजी लाकडी पेट्या टांगून दिल्या जातात. हे पक्षी पूर्णपणे स्वतःच्या पायावर उभे आहेत असं म्हणता येत नाही. खाणं पुरवणं, उंदीर धरणं, रोगांवर नजर ठेवणं हे चालूच ठेवावं लागतं.

सगळ्यांच्या नशिबी तेवढंही नाही. क्युरपीपच्या वनस्पती उद्यानात एका ताडाच्या जातीचं जगातलं एकुलतं एक झाड उभं आहे. त्याची नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेळी उमलतात, त्यामुळे ते स्वतःच स्वतःला फळवू शकत नाही. प्रयोगशाळेत त्याची रोपं काढण्याचे प्रयत्न झाले, पण मातीत लावल्यावर ती जगली नाहीत.

स्वतःहून आलेला एकटा

राहिलं वटवाघूळ. मॉरिशसवर एकेकाळी त्याच्या तीन जाती होत्या, आता एकच उरली आहे. डोडो, कासवं, मोठ्या चोचीचा पोपट हे सगळे फळं खाणारे गेल्यावर मोठ्या बियांची देशी फळं लांब नेणारं मुख्य बेटावर जवळजवळ तेच एक आहे. आणि अंतरही ते एका रात्रीत डोंगर ओलांडून जाईल इतकं कापतं.

पण रान आटलं आणि लिची-आंब्याच्या बागा वाढल्या, तेव्हा ते बागांतही येऊ लागलं. बागायतदारांचं नुकसान खरं आहे, त्यांची तक्रारही खरी आहे. सरकारने २०१५ आणि २०१६ मध्ये मिळून तीस हजारांहून अधिक वटवाघळं मारली. २०१८ मध्ये या जातीची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. मारल्यानंतरही फळांचं उत्पादन वाढल्याचं काही दिसलं नाही. फळं साळुंक्या, बुलबुल आणि उंदीरही खातात, आणि वादळी वाऱ्यानेही गळतात. जाळीखाली ठेवलेल्या झाडांवर मात्र नुकसान कित्येक पटींनी कमी झालेलं मोजून दाखवलेलं आहे. परसातल्या जुन्या, उंच लिचीवर जाळं टाकणं अवघड, छाटून बुटक्या ठेवलेल्या झाडावर सोपं. म्हणून सरकार जाळ्यांना अनुदान देतं आणि बागायतदारांना छाटणी करायला सांगतं. किती बागायतदार ते ऐकतात, यावर आता बेटाच्या बऱ्याच झाडांची पेरणी अवलंबून आहे.